नाव ठेवण्यापूर्वी

ओहोटी पहाटे तीनला लागली.
बोहोलच्या उत्तरेकडच्या उथळ खडकांवर
क्रिसान्ता कंदील घेऊन पुढे,
मागे गमबुटांतली एडेलमिरा,
एका हातात बादली, गळ्यात कॅमेरा,
खिशात पट्टी,
जी थोड्याच वेळात अपुरी पडणार होती.

समुद्रगवतात ती पसरली होती,
कुणी वाळत घालायचं विसरलेल्या
ओल्या पायपुसण्यासारखी.
बिनशंखाची गोगलगाय; पण गाय म्हणावी इतकी खरंच मोठी.
पट्टी संपली तरी ती चार बोटं उरली.
"चौतीस," एडेलमिरा म्हणाली, "धरून चालू."
"धरू नकोस," क्रिसान्ता म्हणाली, "शाई सोडते."

तोवर सोडलीच होती.
बादलीभर जांभळं. बोटांवर, कॅमेऱ्यावर,
आणि वहीच्या नेमक्या त्या पानावर
जिथे 'रंग' असं लिहून
पुढची जागा मोकळी ठेवली होती.

पाठ शेवाळी, कडेला नारिंगी किनार,
शिंगांची टोकं राखेत बुडवून काढल्यासारखी.
हे सगळं जिवंतपणीच लिहून घ्यायचं असतं.
अल्कोहोलमध्ये दोन दिवसांत
सगळ्यांचा एकच रंग होतो, उकडलेल्या बटाट्याचा.
सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा एकानं
कुठल्याशा थंड बंदरात
असाच एक बटाटा पाहून
हिच्या जातकुळीला नाव ठेवलं.
वर्णनात रंगाबद्दल अक्षर नाही.
पण त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.
त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा
ती संपलेलीच होती.

एकीला बाटलीत जावंच लागलं.
एडेलमिरानं तेव्हा पाठ फिरवली नाही.

शाळेच्या व्हरांड्यात सूक्ष्मदर्शक मांडला.
जिभेवरचे दात मोजायचे होते.
एका ओळीत किती. ओळी किती.
होडीवाला एपिफानिओ हौसेनं मोजायला बसला,
तीनशेच्या पुढे त्याला डुलकी लागली.
पुन्हा पहिल्यापासून.

क्रिसान्ता वाडग्यात लुकोत घेऊन आली,
हिरव्या शेवयांसारखी अंड्यांची गुंतवळ,
वर व्हिनेगर, आलं, ठेचलेली मिरची.
"खा. ही दोन्सोलची आहेत.
तुझ्या बादलीतलीची कुणी खात नाही,
पिवळी असतात आणि कडू जहर.
आई म्हणायची, ती दोन्सोल नव्हेच.
ती दोन्सोलची बिसिता. पाहुणी.
अंधाऱ्या पंधरवड्यात येते, पोर्णिमेआधी जाते."

एडेलमिराचा काटा हवेतच राहिला.
सहा वर्षं. दोन अहवाल. सेबूच्या प्रयोगशाळेतला
तो कायम बिघडलेला फ्रीज.
आणि अंड्यांची चव
कुठल्याच तक्त्यात नव्हती.
"हे आधी का नाही सांगितलंत?"
"तू दात मोजत होतीस."

मग संध्याकाळी नावाचा विषय निघाला.
तुमचंच देते, एडेलमिरा म्हणाली,
क्रिसान्ता, पुढे एक लॅटिन शेपूट.
म्हातारी इतकी हसली
की पायरीवरची कोंबडी उठून गेली.
"आणि ठेवणार कुठे, त्या दारूच्या बाटलीत?
माझा नवरा तसाच गेला.
घरातला एक पुरे."

नाव छापून यायला दोन वर्षं लागतील.
आधी दोन अनोळखी माणसं वाचतील,
स्वल्पविरामावर भांडतील,
त्यातला एक विचारेल,
चवीला पुरावा काय.
एडेलमिराला उत्तर अजून सुचलेलं नाही.
ती एकदा ती अंडी खाऊन बघणार आहे.

तिसऱ्या दिवशी बाटलीतली पांढरी पडली.
वहीतलं पान अजून जांभळं आहे,
'रंग' या शब्दापुढे
सांडलेलं, कडेपर्यंत.

आणि पुढच्या अंधाऱ्या ओहोटीला
कंदील जरा बाजूला धरून
गवतात पसरलेल्या कुणाला तरी
क्रिसान्ता म्हणाली, "आलीस?"
आणि पाय जपून, वळसा घालून
शिंपले वेचायला पुढे गेली.